ऑफर लेटरमध्ये वेळही लिहून द्या

रविवारी सकाळी पुण्याहून, सहकारनगरच्या घरून व्हिडिओ कॉल आला. डायनिंग टेबलावर भाच्याची दोन ऑफर लेटरं शेजारी शेजारी ठेवलेली. एक हिंजवडीचं, दुसरं खराडीचं. हिंजवडीचं पॅकेज वर्षाला अडीच लाखांनी जास्त, आणि दादाचं बोट त्याच आकड्यावर.

"आत्या, खराडीवाले आठवड्यातून तीन दिवस घरून काम देतात म्हणे," भाचा म्हणाला.

"घरून काम काय हप्त्यात भरायचंय?" दादा म्हणाला.

दादाला मी नावं ठेवणार नाही. फ्लॅटचा हप्ता दर महिन्याला जातो आणि उद्या नोकरी गेली तर आपल्याकडे पगाराशिवाय दुसरा आधार नाही. इथे जर्मनीत बेकारी भत्ता आहे, आजारपणाचा विमा आहे. त्या भरवशावर कमी पगार पत्करणं सोपं जातं, हे मला मान्य आहे.

पण फोन ठेवल्यावर बाबा आठवत राहिले. ते पिंपरीला टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये होते. तेव्हा मुलगा टेल्कोत आहे म्हटलं की मुलीकडचे पगाराचा आकडा नंतर विचारायचे. कायम आहे, कंपनीची बस आहे, कँटीन आहे, माणूस वेळेवर घरी येतो, एवढं पुरायचं. फर्स्ट शिफ्ट असली की बाबा दुपारीच घरी यायचे, चहा घेऊन आमचे पाढे घ्यायला बसायचे. पैशाबाहेरचं मोजायला पुण्याला कुणी परदेशातून शिकवायची गरज नाही. ते आपण मोजत होतो.

मी श्टुटगार्टची नोकरी घेतली तेव्हा म्युनिकहून जास्त पगाराची ऑफर हातात होती. इथल्या पत्रात वर्षाला ३० दिवस रजा होती. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० द्यावे लागतात. वरचे १० कंपनीने आपणहून दिलेले, चांगली माणसं यावीत म्हणून. आई आजारी पडली तेव्हा त्या दिवसांची किंमत कळली. चार आठवडे मी तिच्या उशाशी होते. शेवटच्या आठवड्यात मलाच डेंग्यू झाला. परतल्यावर साहेबांनी डॉक्टरांचा दाखला मागून घेतला आणि आजारपणाचे पाच दिवस रजेत पुन्हा जमा केले. मी शब्दही काढला नव्हता. सुट्टीत आजारी पडलात तर ते दिवस रजेत धरायचे नाहीत, असा इथला कायदाच आहे.

आपल्याकडे माणसं ओढायला काय दाखवतात? बीन बॅग, शुक्रवारचा पिझ्झा, टेबल टेनिस. संध्याकाळी वाकडच्या पुलापाशी अडकलेल्या माणसाला त्यातलं काय उपयोगाचं? त्याला वेळ हवा, आणि नेमकी तीच गोष्ट पत्रात नसते. वाद मात्र तासांवरच चालतात. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. त्याच्या पाच वर्षं आधी सुप्रिया सुळे यांनी कामाची वेळ संपल्यावर ऑफिसचा फोन न घेण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झालाच नाही. कायदा येईल तेव्हा येईल. पण ज्या कंपनीला पगारात मोठ्यांशी टक्कर देता येत नाही, तिला हे आजही लिहून देता येतं. तोंडी दिलेलं घरून काम मॅनेजर बदलला की जातं. कागदावरचं सहसा टिकतं.

म्हणून भाच्याला म्हटलं, दोन्हीकडच्या एचआरला मेल कर. घरून काम पत्रात घालणार का? न घेतलेली रजा पुढच्या वर्षी मिळते का? नोटीस ९० दिवसांची की कमी?

काल त्याचा मेसेज आला. खराडीवाले तीन नाही, पण दोन दिवस लिहून द्यायला तयार आहेत. हिंजवडीवाल्यांनी "जॉइन झाल्यावर मॅनेजरशी बोला" असं कळवलंय. दादा अजून अडीच लाखांवर अडून आहे, पण मेसेजच्या शेवटी भाच्याने लिहिलं होतं, "आत्या, बाबांनी तो मेल दोनदा वाचला."