मेन स्विच आणि एक वीत

आमच्या घरातला मेन स्विच जमिनीपासून पावणेआठ फुटांवर होता. 'लेकरांचा हात पोचायला नको' म्हणून वडिलांनी तो तिथं बसवून घेतला. त्या लेकरांत मी होतो. मी चाळिशी ओलांडली, टक्कल पडलं, शुगरची गोळी सुरू झाली, तरी हात काही पोचला नाही. टाचा उचलून, पोट भिंतीला घासून अंग ताणलं तरी एक वीत कमीच पडायची.

घर 1993 च्या भूकंपानंतरचं. आधी आमचं माळवद होतं, म्हणजे लाकडावर मातीचं छत. भूकंपात ते पडलं नाही, पण नंतर त्याच्याखाली झोपायची कुणाची छाती होईना. शेवटी ते उतरवून लातुरात सगळ्यांनी बांधलं तसं आम्हीही सिमेंटचं बांधलं. वायरिंगला आलेला वायरमन सव्वासहा फूट उंच. त्यानं स्टूलबिल काही मागितलं नाही. हात वर केला आणि जिथं पेन्सिल टेकली तिथं फुली मारली. वडील पाच फूट दोन इंच. त्यांनी खालून मान वर करून 'बरोबर' म्हटलं. आमच्या घराण्यात उंच माणसाला नाही म्हणायची पद्धत नाही.

पुढं त्या फुलीखाली संसार साचत गेला. आधी गाद्यांचं लोखंडी कपाट आलं. मग आजोबा गेले आणि त्यांचा चंदनी हार घातलेला फोटो नेमका तिथंच लागला, कारण खिळा आयता होता. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, तेव्हा दोनशे लिटरचा निळा ड्रम घेतला. तोही तिथंच. टंचाई सरली, पण ड्रम काही हलला नाही. आईला भरलेला ड्रम दिसल्याशिवाय झोप येत नाही. म्हणजे मेन बंद करायचा तर पाण्यानं भरलेल्या ड्रमच्या झाकणावर चढायचं, एक हात लोखंडी कपाटाला धरायचा आणि दुसरा आजोबांच्या खांद्यावरून वर न्यायचा. एवढं करून माणूस वाचलाच तर ती आजोबांची कृपा.

एरवी वर्षातून एकदा, दसऱ्याला, तिथं जाणं व्हायचं. यंत्रांची पूजा असते, म्हणून त्याला झेंडूचं फूल लागायचं. ते पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथंच वाळायचं.

गेल्या मे महिन्यात रात्री साडेअकराला आई ओरडली, "अरे, कूलर चावूलालाय!" आमच्याकडं पत्र्याचा कूलर अधूनमधून चावतोच. त्यात पाणी ओतणाऱ्यानं स्लिपर घालायची, हा घरचा नियम. पण त्या रात्री त्याच्यातून चर्र आवाज यायला लागला आणि जळका वास सुटला. कूलरचं बटण कूलरच्याच मागं, ओल्या भिंतीवर. तिकडं कोण जाणार?

"मेन बंद कर! काय बघूलालास?" आई.

"अहो, ड्रमवर चढू नका, झाकण फुटलंय," बायको.

मी आकडी आणली. वेळूची, आंबे उतरवायची. स्विच जुना, लोखंडी डब्याचा, बाजूला दांडा असलेला. दांडा खाली म्हणजे बंद. आकडीचं टोक दांड्यावर टेकवून दाबायला गेलो तर ते आधी हारात अडकलं आणि आजोबा थेट ड्रमवर येऊन आदळले. तिसऱ्या प्रयत्नाला खट् झालं, अंधार झाला. मला इतकं थोर कधीच वाटलं नव्हतं.

कूलरचा प्लग काढला. आता मेन चालू करायचा. तेव्हा कळलं की काठीनं दांडा खाली दाबता येतो, वर ढकलायला गेलं की काठी निसटते. रात्रभर आम्ही बेचाळीस अंशांच्या दिवसानं तापवलेल्या स्लॅबखाली ओले पंचे पांघरून पडलो. बाहेर सगळ्या गल्लीत लाईट. लाईट असून अंधारात बसलेलं लातुरातलं ते एकच घर असावं. सकाळी सहाला दूधवाला आला. चांगला उंच गडी. त्यानं कॅन खाली ठेवला, कपाटाच्या कडेनं हात घातला आणि दांडा वर केला. "एवढंच व्हतं व्हय?" म्हणाला. त्या महिन्यात मी त्याच्याशी पाण्यावरून वाद घातला नाही.

त्याच आठवड्यात अमेरिकेतला भाचा सुट्टीवर आला. त्यानं तिकडं नुकतंच घर घेतलंय, त्यामुळं तो कुठल्याही भिंतीकडं संशयानं बघतो. खिशातून टेप काढून म्हणाला, "मामा, तिकडं दांड्याची पकड वर असताना तिचा मध्य सहा फूट सात इंचांच्या वर चालत नाही. दोन मीटर. बोर्डासमोर तीन फूट जागा मोकळी पाहिजे, रुंदीला तीस इंच. कपड्यांच्या कपाटात नको, बाथरूममध्ये नको, जिन्याच्या पायऱ्यांवर नको." बाथरूम आणि जिना सोडून बाकीचे गुन्हे आमच्या नावावर निघाले. वर म्हणे, तिथल्या वायरिंगच्या नियमांच्या 2020 च्या कोडपासून नव्या घरांना बाहेरच्या बाजूला, चटकन हात पोचेल असा बंद करायचा स्विच लागतो. आग लागली तर बंबवाल्यांना घरात न शिरता लाईन तोडता यावी म्हणून.

"बाहेर?" आई म्हणाली. "मग पोरं येता-जाता बंद करून पळतील की!" भाच्याकडं याला उत्तर नव्हतं. गल्लीतली पोरं त्यानं बघितली होती.

नवा वायरमन बोलावला. हा माझ्याच उंचीचा निघाला, तेव्हाच निम्मी काळजी मिटली. तो म्हणाला, "डीपी बदलू." आई घाबरली. आमच्याकडं डीपी म्हणजे चौकातला ट्रान्सफॉर्मर, तो जळला की आठ-आठ दिवस लाईट नाही. हा म्हणजे दोन पोलचा स्विच, हे समजावण्यात एक चहा गेला. दारवाला छोटा बोर्ड, जादा लोड आला की आपोआप पडणारे एमसीबी, तीस मिलिअँपचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग, एवढं त्यानं सांगितलं. करंट कुठून गळायला लागला की आरसीसीबी आपणहून पडतो, आकडी लागत नाही. कपाट सरकलं. ड्रम मोरीजवळ गेला. आजोबा देवघराशेजारी गेले. बोर्ड साडेचार फुटांवर आला.

साडेचार फूट म्हणजे आईच्या डोळ्यांसमोर. तिची उंची चार फूट दहा इंच. तीस वर्षं तिनं त्या स्विचला नुसता खालून नमस्कार केला होता. आता ती रोज रात्री दहाला बोर्डाचं दार उघडते, चष्मा लावते आणि म्हणते, "झोपा आता. उगं बिल वाढवूलालेत." खट्.

काल शेवटच्या षटकात नऊ धावा हव्या होत्या. फ्रीजमधलं दूध नासलं ते वेगळंच.