चित्र काढताना कुळालाही बोलवा

सर्व खात्यांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून समस्येचे कार्यकारण-चित्र, म्हणजे कशामुळे काय घडते हे बाणांनी दाखवणारी आकृती, काढावी, हा अलीकडे वाचलेल्या एका लेखातील मुद्दा पटतो. मात्र टेबलाभोवती केवळ अधिकारीच असतील, तर ते चित्र अर्धेच राहील. आपल्या गोव्यातील खाजन शेतीचेच, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या सखल शेतीचेच पाहा. बांध फुटला की खारे पाणी शिरते, शेत पडीक पडते, तिथे खारफुटी उगवते आणि तिला किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांचे संरक्षण असल्यामुळे बांधाची दुरुस्ती अधिकच अवघड होऊन शेजारचे शेतही धोक्यात येते. या साखळीची एकेक कडी कृषी, वन, मत्स्योद्योग अशा वेगवेगळ्या खात्यांकडे आहे. अख्खी साखळी कोणाच्याच फायलीत नाही. त्यातही, भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारी मानशीची (बांधातील पाण्याच्या फाटकाची) दारे मासळीसाठी कोण, कधी उघडी ठेवतो, हे कुळालाच ठाऊक असते. अशा परस्परांवर परिणाम करणाऱ्या साखळ्यांचा अभ्यास करणाऱ्या प्रणाली-गतिकी (सिस्टिम डायनॅमिक्स) या शास्त्राचा पाया जे (Jay) फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठात घातला, तेव्हापासून संगणकीय प्रारूपे बरीच पुढे गेली आहेत. पण संगणक नंतर येऊ द्या, फळ्यावर बाण काढताना होणारी वादावादीच मला अधिक मोलाची वाटते. तिचे टिपण ठेवावे, आणि ती कोकणी-मराठीतच व्हावी; इंग्रजी सादरीकरण समोर आले की शेतकरी मान डोलावतो आणि गप्प बसतो.