मर्यादा काढली ती कोलेस्ट्रॉलची, बटरची नव्हे

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: "कोलेस्ट्रॉल यकृतच बनवतं. 2015 साली अमेरिकेनेही खाण्यातल्या कोलेस्ट्रॉलवरची मर्यादा काढून टाकली. तेव्हा बटर, चीज बिनधास्त खा, तेल तेवढं 'कोलेस्ट्रॉल-फ्री' घ्या."

बहुतेक कोलेस्ट्रॉल शरीर स्वतःच बनवतं आणि त्यात यकृताचाही वाटा असतो, कबूल. पण रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्ट्रॉल, उचलून घेण्याचं मुख्य कामही यकृताचंच, आणि ते होतं पेशींवरच्या एलडीएल रिसेप्टरमुळे, म्हणजे एलडीएल पकडणाऱ्या प्रथिनांमुळे. (याच संशोधनाबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं.) सॅच्युरेटेड फॅट (बटर-चीजमध्ये भरपूर असणारी संपृक्त चरबी) जास्त गेलं की या रिसेप्टरचं काम मंदावतं, एलडीएल रक्तातच रेंगाळतं आणि रिपोर्टमधला आकडा चढतो.

अमेरिकेने आपल्या आहार-मार्गदर्शिकेतून कोलेस्ट्रॉलची दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा वगळली, हेही खरं. मात्र त्याच मार्गदर्शिकेत सॅच्युरेटेड फॅट एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांखाली ठेवायला सांगितलंय. मेसेजवाल्याने तेवढंच गाळलं. 2000 कॅलरींच्या आहारात हे दिवसाला साधारण 22 ग्रॅम. आता बघा: एका मोठ्या अंड्यात कोलेस्ट्रॉल सुमारे 185 मिलिग्रॅम, पण सॅच्युरेटेड फॅट दीड ग्रॅमच्या आसपास. एक टेबलस्पून, म्हणजे 14 ग्रॅम बटरमध्ये कोलेस्ट्रॉल जेमतेम 30 मिलिग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट मात्र 7 ग्रॅम. बदनाम होतं ते अंडं.

'कोलेस्ट्रॉल-फ्री' तेलाचं तर हसूच येतं. कुठल्याही वनस्पती तेलात कोलेस्ट्रॉल नसल्यातच जमा. खोबरेल तेलातही नसतं, पण त्यातली 80 टक्क्यांहून जास्त चरबी सॅच्युरेटेड असते. पाकीट उलटं करा आणि सॅच्युरेटेड फॅटचा आकडा वाचा. घटकांत 'अंशतः हायड्रोजनेटेड' (म्हणजे ट्रान्स फॅट असलेलं तेल) दिसलं तर परत ठेवा.

उलट टोकाला जाऊन चरबी तोडली आणि पोट मैदा-साखरेने भरलं, तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, वाढतात. बटरच्या जागी सूर्यफूल किंवा ऑलिव्ह तेल आलं तर एलडीएल उतरतं. जोडीला ओट्स: सुमारे 75 ग्रॅम कोरड्या ओट्समधून 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू मिळतो. तो आतड्यात पित्ताम्लं (चरबी पचवायला यकृत कोलेस्ट्रॉलपासून बनवतं ती) धरून बाहेर नेतो, मग नवीन पित्ताम्लं बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्ट्रॉल ओढावं लागतं. एक चमचा ओट्स दुधावर भुरभुरून हे होत नाही.

हा बदल सहा ते आठ आठवडे नेटाने पाळून मगच पुन्हा तपासणी करा. एलडीएल 190 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याहून जास्त असेल तर आनुवंशिक कारणाची शक्यता असते. तिथे नुसत्या ओट्सवर विसंबू नका, डॉक्टरांना गाठा. आणि चालू असलेली कोलेस्ट्रॉलची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.