पैकीच्या पैकी मिळाले, आता गप्प बसा

परत तेच. बारा सेकंदांची क्लिप, बोलता बोलता थबकलेला एक वयस्कर अमेरिकी नेता, आणि खाली निदानांची रांग. एक म्हणतो डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. दुसरा म्हणतो, डिमेन्शिया तुमच्या त्या आधीच्या बायडनला होता, तेव्हा कुठे गेला होतात? आणि मग तो महाभाग येतो, जो दरवेळी येतोच. "बुद्धीच्या परीक्षेत ३० पैकी ३० मिळालेत ट्रम्प साहेबांना. विषय संपला."

अरे, कसला संपला! ती बुद्धीची परीक्षा नाहीच मुळी. किती वेळा सांगायचं?

तिचं नाव मोका, म्हणजे माँट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट, डिमेन्शियासारख्या आजाराची शंका घ्यावी का हे बघायची चाळणी. एक कागद, एक पेन्सिल, दहा मिनिटं. आधी आकडे आणि अक्षरं आलटून पालटून रेघेनं जोडायची, १ वरून ए, ए वरून २, २ वरून बी. एक मार्क. ठोकळ्याचं चित्र बघून तसंच काढायचं, एक मार्क. मग घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. याला तीन मार्क, वर्तुळाचा एक, आकड्यांचा एक, काट्यांचा एक. (अकरा-दहाच का? तर मेंदूची पकड सुटली की 'दहा' ऐकून हात मोठा काटा सरळ दहाच्या आकड्यावर नेतो. तो दोनवर जायला हवा हे सुचत नाही.) मग तीन प्राणी ओळखायचे. सिंह, गेंडा, उंट. हो, उंटाला उंट म्हटल्याचा मार्क मिळतो! शंभरातून सात-सात वजा करत पाच पायऱ्या उतरायच्या. ठरावीक अक्षरापासून सुरू होणारे अकरा शब्द एका मिनिटात सांगायचे. शेवटी आज तारीख काय, वार कोणता, आपण कुठल्या गावात बसलोय, याचे सहा मार्क. बारावीपर्यंतच शिकलेल्याला वरून एक मार्क बक्षीस. २६ किंवा त्याहून जास्त मिळाले की सर्वसाधारण.

म्हणजे तीस मिळाले याचा अर्थ एवढाच, की या चाळणीत काही अडकलं नाही. थर्मामीटर लावला, ताप निघाला नाही, म्हणून पदक मागत फिरणारा माणूस बघितलाय कुणी? इथे तेच चाललंय. २०१८ मध्ये ट्रम्प यांना ३० मिळाले, २०२५ मध्ये परत ३०, आणि दोन्ही वेळा भक्तमंडळींनी असे पेढे वाटले जणू बोर्डात पहिला आला.

२०२० च्या जुलैत तर खुद्द परीक्षार्थीनंच टीव्हीवर पेपर फोडून दाखवला. व्यक्ती, बाई, पुरुष, कॅमेरा, टीव्ही. आणि वर म्हणाले, क्रमानं सांगितले तर जादा मार्क मिळतात. मिळत नाहीत. पाच शब्द दोनदा वाचून दाखवतात, पाचेक मिनिटांनी परत विचारतात, न सुचवता जेवढे आठवतील तेवढे मार्क. उलटे सांगा, सुलटे सांगा, पाचाच्या वर सहावा मार्क त्या कागदावर नाहीच. मार्किंगची पद्धत एका पानात लिहिलेली आहे. ते पान वाचायचं सोडून लाखो माणसं 'अवघड परीक्षा होती म्हणे' असं एकमेकांना सांगत बसली.

आणि ती काय मोजत नाही, ते तर कुणी विचारतच नाही. रागावर ताबा, समोरच्याचं ऐकून मत बदलता येणं, अर्धवट माहितीवर रात्री तीन वाजता निर्णय घेणं, यातलं त्या कागदावर काहीही नाही. मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होणाऱ्या काही आजारांत आधी वागणं बिघडतं, स्मृती नंतर जाते. असा माणूस सुरुवातीला गेंडा बरोबर ओळखतो, तारीखही सांगतो. खूप शिकलेल्या माणसाचं वेगळंच. तो सुरुवातच इतक्या वरून करतो की तीन पायऱ्या घसरला तरी २६ च्या वरच. त्यामुळे एकाच दिवसाच्या एकाच आकड्याला फारसा अर्थ नसतो. दर वर्षी तीच तपासणी, पण शब्द बदललेली आवृत्ती (तीच दिली की सरावानं मार्क वाढतात), शंका आली तर काही तासांची सविस्तर चाचणी, आणि घरच्यांची स्वतंत्र मुलाखत. स्मृतीच्या कुठल्याही दवाखान्यात घरच्यांना विचारतातच. इथे घरच्यांना कोण विचारणार? ते प्रचाराला गेलेले असतात.

दुसऱ्या बाजूनं फार खूश होऊ नये. बायडन यांची २०२४ च्या फेब्रुवारीतली वार्षिक तपासणी आठवा. वय ८१, सगळं शरीर तपासलं, आणि हा दहा मिनिटांचा कागद मात्र नाही. का? तर गरज नाही. जुलैत स्वतः टीव्हीवर म्हणाले की माझी रोजच परीक्षा होते. म्हणजे रोज ऑफिसचा जिना चढतो, मग ईसीजी कशाला!

त्याच वर्षीच्या जूनमध्ये इटलीतल्या जी-७ परिषदेतली ती क्लिप फिरली, बायडन भरकटल्यासारखे भलतीकडेच चाललेत अशी. प्रत्यक्षात तिकडे पॅराशूटनं उतरलेला माणूस होता, त्याला ते शाबासकीचा अंगठा दाखवत होते. चौकट कापून त्या माणसालाच बाहेर काढलं होतं. व्हाइट हाउसनं याला 'चीप फेक', म्हणजे कापाकापी करून केलेली स्वस्तातली बनवाबनवी म्हटलं आणि त्या एका बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं. पण मग तो शब्द छत्रीसारखा उघडला, कुठलीही शंका आली की धरा वर. चौदा दिवसांनी, २७ जूनला, ट्रम्प यांच्याशी वादविवाद झाला आणि बायडन खरंच अडखळले. थेट प्रक्षेपण, नव्वद मिनिटं, कुणी काही कापलेलं नाही. २१ जुलैला उमेदवारी मागे. कालपर्यंत वयाचा प्रश्न विचारणाऱ्याला निर्दयी ठरवणारे एका रात्रीत 'आम्हाला आधीपासून वाटत होतंच' म्हणायला लागले. आणि बायडन यांचा प्रत्येक अडखळा मोजणाऱ्यांची मोजपट्टी त्याच आठवड्यात हरवली, ती आजतागायत सापडलेली नाही. ट्रम्प यांनी आपल्याच पक्षातल्या प्रतिस्पर्धी निकी हेली यांच्या जागी डेमोक्रॅट नेत्या नॅन्सी पेलोसींचं नाव घेतलं की ते 'मुद्दाम' असतं. २०२५ ला शपथ घेताना ट्रम्प हे बायडन यांच्या शपथेच्या वेळच्या वयापेक्षा पाच महिन्यांनी मोठे होते, हे सांगितलं की तुम्ही म्हाताऱ्यांचे शत्रू.

बरं, इतका आरडाओरडा करणाऱ्या मी तरी काय दिवे लावलेत? आवडत्या नेत्याची क्लिप आली की पूर्ण व्हिडिओ शोधायचा, चौकट कापलीय का बघायचं, तोतरेपणावर दोन लेख वाचायचे, मग मत. नावडत्याची आली की बारा सेकंद पुरतात. शिवाय आत्ता वरचं ते शंभरातून सात करून बघितलं, तर ९३, ८६, ७९, ७२ आणि ६४. नशीब, पाचांतली चार बरोबर असली तरी पूर्ण तीन मार्क देतात.

पण टीव्हीवरच्या मानसोपचारतज्ज्ञांना एवढ्यानं माफी नाही. १९६४ मध्ये 'फॅक्ट' मासिकानं १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं, रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर अध्यक्षपदाला योग्य आहेत का? २,४१७ उत्तरं आली आणि त्यांतल्या १,१८९ जणांनी, माणसाला न तपासता, अयोग्य म्हणून शिक्का मारला. गोल्डवॉटर यांनी दावा लावला आणि जिंकले. म्हणून १९७३ पासून या तज्ज्ञांच्या संघटनेचा नियमच आहे, तपासल्याशिवाय आणि त्या माणसाच्या परवानगीशिवाय जाहीर निदान करायचं नाही. मोडणारे मोडतातच, फक्त आपल्या पक्षाच्या माणसावर कुणी मोडत नाही. आणि नैराश्याला अपात्रता समजणं तर त्याहून संतापजनक. १९७२ मध्ये ईगलटन यांनी नैराश्यावर शॉक उपचार घेतल्याचं कळताच त्यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी सोडायला लावली. उपचार घेऊन बरा झालेला माणूस धोकादायक, आणि कधीच डॉक्टरकडे न गेलेला एकदम ठणठणीत!

डॉक्टरांचंही एक आहेच. अध्यक्षांचा डॉक्टर बहुतेक वेळा लष्करी अधिकारी असतो, म्हणजे रुग्ण हाच त्याचा सरसेनापती. अहवालातलं किती बाहेर द्यायचं हे रुग्ण ठरवतो, कायद्याची सक्ती नाही. २०१८ चे ते तीस मार्क जाहीर करणारे रॉनी जॅक्सन पुढे रिपब्लिकन खासदार झाले आणि बायडन यांची चाचणी घ्या म्हणून पत्रं लिहायला लागले. बायडन यांच्या डॉक्टरांना २०२५ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीनं बोलावलं, तर त्यांनी गोपनीयतेचं कारण दिलं आणि राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा (स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा) आधार घेऊन उत्तरंच दिली नाहीत.

आता राहिले 'राज्यघटनेची २५ वी दुरुस्ती लावा, अध्यक्षांना हटवा' वाले. लावा ना! चौथं कलम उघडा. उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळातले बहुसंख्य, म्हणजे १५ खातेप्रमुखांतले ८, यांनी लेखी कळवायचं की अध्यक्ष काम करू शकत नाहीत. यातल्या मंत्र्यांना नेमलं कुणी? त्याच अध्यक्षांनी. कळवलं की उपाध्यक्षांकडे कारभार येतो. अध्यक्षांनी 'मी ठीक आहे' असं लिहून दिलं की चार दिवसांत परत तेच लिहावं लागतं, नाहीतर ते खुर्चीत परत. मग काँग्रेस २१ दिवसांत ठरवणार, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश. सगळे हजर असतील तर ४३५ मधले २९० आणि १०० मधले ६७. महाभियोगाला खालच्या सभागृहात साधं बहुमत पुरतं, म्हणजे हे त्याहून अवघड. १९६७ पासून एकदाही वापरलेलं नाही. कोलोनोस्कोपीसाठी (आतड्याच्या तपासणीसाठी) अधिकार तात्पुरते सोपवायचं तिसरं कलम तेवढं वापरलं जातं. बायडन यांच्या वेळी २०२१ मध्ये ८५ मिनिटं.

त्याच चौथ्या कलमात मंत्रिमंडळाला पर्याय म्हणून 'काँग्रेस कायद्यानं नेमेल अशी दुसरी संस्था' असे शब्द आहेत. डॉक्टरांचं स्वतंत्र मंडळ तिथे बसवता येतं. २०१७ आणि २०२० मध्ये तशी विधेयकंही आली, कायदा झाला नाही. ती वाक्यरचना तशीच पडून आहे. वर क्लिपखालच्या त्या भांडणात तिचा उल्लेख शोधला. एकही नाही. तिथे अजून गेंडाच चाललाय.