बेडकाच्या हायॉइडची मागची शिंगं हाडाचीच: कराडच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमचे आक्षेप दोन. कॉलेजातल्या बरणीतला बेडूक रंगवल्यावर हायॉइड, म्हणजे जिभेला आधार देणारा तोंडाच्या तळातला सांगाडा, पूर्ण निळा आला, लाल कुठेच नाही (अ‍ॅलिझरिनने हाड लाल होतं, अल्शियन ब्लूने कूर्चा, म्हणजे कास्थी, निळी). म्हणून त्याची मागची शिंगं (पाटीतून मागे निघालेले दोन फाटे) हाडाची असतात हे माझं म्हणणं चूक. दुसरा, बेडूकमाशाच्या कल्ल्यांच्या कमानीच जुळून पुढे हायॉइडची पाटी होते.

आधी रंगाचं. त्याच नमुन्याचं मांडीचं हाड बघा. तेही लाल नसेल तर घशावरून काही ठरवता येणार नाही. साधं फॉर्मॅलिन वर्षानुवर्षं पडून आम्लधर्मी होतं, हाडातलं कॅल्शियम विरघळतं आणि अ‍ॅलिझरिनला धरायला काही उरत नाही. अल्शियन ब्लूच्या द्रावणातही ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असतं, १०० मिलीत ३० ते ४० मिली. त्यात नमुना २४ तासांहून जास्त ठेवला की हाडाची तीच गत. तिथून काढल्यावर बोरॅक्सच्या संपृक्त द्रावणात आम्ल मारायलाच हवं. नवीन नमुन्याचं फॉर्मॅलिन आम्लधर्मी होऊ नये म्हणून लिटरभर १०% फॉर्मॅलिनमध्ये ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घाला.

मांडी लाल आणि शिंगं निळी असतील, तर बेडूक बहुधा कोवळा आहे. प्रौढाचा नमुना नीट जमला की मधली पाटी निळी, शिंगाची दांडी लाल आणि टोकं पुन्हा निळी दिसतात. हाड कूर्चेवर बाहेरून चढतं आणि टोकांपर्यंत पोचत नाही, म्हणून. याच दोन शिंगांच्या बेचक्यात स्वरयंत्र बसतं: क्रिकॉइड कूर्चेचं कडं आणि दोन अ‍ॅरिटेनॉइड कूर्चा. फुप्फुसं ओढून काढली तर तेही निघून येतं, तेव्हा ती कात्रीने कापा. पुढची लांब शिंगं कानाच्या कुपीपर्यंत गेलेली असतात. जबडा जोरात फाकवला की तीच आधी तुटतात.

आता कमानींचं. यात तुमचं निम्मं बरोबर आहे. बेडूकमाशात सेराटोहायल हा जाड कूर्चेचा ठोकळा वरच्या जबड्याच्या कूर्चेवर (पॅलॅटोक्वाड्रेटवर) तरफेसारखा टेकलेला असतो. स्नायू त्याचं बाहेरचं टोक वर ओढतो, आतलं खाली जातं, तोंडाचा तळ दबतो आणि पाणी आत येतं. मागे प्रत्येक बाजूला कल्ल्यांच्या चार कूर्चेच्या कमानी (सेराटोब्रँकियल), म्हणजे गाळणीची टोपली. थायरॉइड संप्रेरक वाढलं की ही टोपली विरघळून जाते. तिच्या आतल्या बाजूच्या हायपोब्रँकियल पाट्या मात्र उरतात आणि मधल्या कूर्चेशी जुळून हायॉइडची पाटी घडवतात. सेराटोहायल बारीक, लांब होतो, जबडा सोडतो आणि पुढचं शिंग बनतो.

हे एका नमुन्यात दिसणार नाही. बेडूकमाशाच्या वाढीच्या अवस्थांना क्रमांक देणाऱ्या गॉस्नरच्या १९६० च्या तक्त्यातल्या ३८, ४२, ४४ आणि ४६ या अवस्था शेजारी ठेवा. ४२ ला पुढचे पाय बाहेर येतात, ४६ ला शेपूट संपते. टोपली मोडते ती या दोन्हींच्या मधे. हे नमुने पारदर्शक करताना पोटॅशियम हायड्रॉक्साइड ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नेऊ नका, कोवळे सांधे सुटतात. आणि नमुने संग्रहातलेच वापरा. कास किंवा कोयनेच्या डबक्यांतून परवानगीशिवाय एकही बेडूकमासा उचलू नका.