कर्मचारी सोडून काहीही म्हणा

तालुक्याला आरोग्य अधिकारी म्हणून बसलात आणि ८ मार्च तोंडावर आला, की एक गोष्ट आधी पाठ करा. गावोगाव घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना कर्मचारी म्हणायचं नाही. दुर्गा म्हणा, रणरागिणी म्हणा, आरोग्य खात्याचा कणा म्हणा. कण्याला पगार द्यावा लागत नाही. कर्मचारी म्हटलं की पगार, मग रजा, मग भविष्य निर्वाह निधी, एकामागून एक लचांडं. २००५ साली आशा योजना आली तेव्हापासून त्या कागदोपत्री स्वयंसेविका आहेत, तशाच राहू द्या.

भाषणाला मुद्दे कमी पडले तर २०२२ साल काढा. त्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या दहा लाखांवर आशांना 'जागतिक आरोग्य नेते' म्हणून गौरवलं. थेट जिनिव्हाहून! हे वाक्य सावकाश म्हणा, टाळ्या पडतात. याच नेत्या २०२४ च्या फेब्रुवारीत मानधनवाढीचा जीआर मागत मुंबईत आझाद मैदानावर मुक्कामाला होत्या, तेवढं मात्र गाळा. नेतृत्वगुण तिथे जरा जास्तच दिसले.

पैशांचे आकडे तर भाषणात नकोतच. खेड्यातल्या गरोदर बाईची नोंद करायची, तपासण्यांना न्यायचं, वेळ आली की रात्री-अपरात्री गाडी बोलावून दवाखाना गाठायचा, याचे जननी सुरक्षा योजनेत ६०० रुपये. बाळ घरी आलं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाऊन वजन करायचं, ताप बघायचा, आजीनं मध चाटवला असेल तर न भांडता समजूत घालायची. सहा फेऱ्यांचे मिळून २५० रुपये. (आजीचे वेगळे मिळत नाहीत.) सभागृहात भागाकार येणारं कुणीतरी बसलेलं असतंच, म्हणून सांगतो.

कार्यक्रम अकराचा ठेवा, पाहुणे दीडला येतील. फ्लेक्सवर तुमचा फोटो मोठा, खाली 'सन्मान नारीशक्तीचा'. व्यासपीठावरच्या खुर्च्या साहेबलोकांना लागतात, तेव्हा सत्कारमूर्तींना सतरंजी. येण्या-जाण्याचं भाडं कुणी मागितलंच तर म्हणा, "ताई, हा तुमचाच कार्यक्रम आहे!" सगळ्या एका जागी सापडल्यात तर राहिलेल्या आयुष्मान कार्डांच्या याद्याही तिथेच वाटून टाका. शनिवारपर्यंत, असं सांगा.

आणि तुमचं भाषण रंगात आलेलं असताना मागच्या रांगेतल्या एकीचा फोन वाजेल. पदर तोंडाशी धरून ती दोन वाक्यं बोलेल, "कळा कधीपास्नं?" एवढंच तुमच्या कानावर येईल, आणि ती चपला शोधत बाहेर पडेल. थांबवू नका. नाव पुकारल्यावर हजर नसेल तर यादीत 'गैरहजर' असा शेरा मारा आणि तिची शाल कपाटात ठेवून द्या. पुढच्या ८ मार्चला लागतेच.