अँटीव्हायरस बंद करा, मगच खेळा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत शिरणं सोपं नाही. गेटवर दोन वॉचमन, त्यांच्यापुढे वही, वहीत नाव, नंबर, फ्लॅट आणि वेळ. बिर्याणी घेऊन आलेल्या पोराचा आधी फोटो काढतात, मग इंटरकॉमवर विचारतात, मग त्याला सर्व्हिस लिफ्टकडे पिटाळतात. माझी सख्खी मावशी डोंबिवलीहून आली तेव्हा तिलाही दहा मिनिटं उन्हात उभं केलं होतं, हातात पुरणपोळ्यांचा डबा असताना. वर प्रत्येक दाराला सेफ्टी डोअर, त्याला दोन कड्या, एक साखळी आणि डोकवायला भिंग. हे सगळं ओलांडून कोणी आत पोचलंच, तर त्याला तिसऱ्या मजल्यावर आठवीतला एक मुलगा दिसेल. रात्रीचा एक वाजलेला, कानाला हेडफोन, आणि ‘घोस्ट किलर’ नावाच्या कुणा इसमाला तो आईच्या मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखवतोय. दोनदा. पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नाही म्हणून.

ऑनलाइन खेळताना काय काळजी घ्यावी हे सांगणारे लोक पुष्कळ आहेत. बिचाऱ्या चोराची काळजी मात्र कोणी घेत नाही. तोही रात्र-रात्र जागतो. त्याला थोडी मदत करावी म्हणून हे चार शब्द.

सुरुवात पासवर्डपासून करा. तो एकच असावा आणि सगळीकडे तोच असावा: खेळाला, ईमेलला, बँकेला, विजेचं बिल भरायच्या अॅपला. ठाणेकराला तर डोकं खाजवायचीही गरज नाही. एमएच04 आणि पुढे आपल्या गाडीचा नंबर. विसरलात तर खिडकीतून वाकून पार्किंगमध्ये बघता येतो. एप्रिल 2011 मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये चोर शिरले, तब्बल 7 कोटी 70 लाख खात्यांची माहिती उघडी पडली आणि ते नेटवर्क 23 दिवस बंद राहिलं. तेव्हापासून अशा फुटलेल्या याद्यांचा बाजारच आहे. एका ठिकाणी सापडलेलं नाव आणि पासवर्ड दुसऱ्या शंभर ठिकाणी लावून बघायचं काम यंत्र करतं, न थकता. तुम्ही जागोजागी वेगळा पासवर्ड ठेवलात तर त्या यंत्राची सगळी मेहनत पाण्यात जाईल, एवढा विचार करा. आणि ती दुहेरी पडताळणी की काय म्हणतात, ती अजिबात चालू करू नका. सहा आकडे टाकेपर्यंत लॉबी, म्हणजे सामन्याआधीची वेटिंग रूम, भरून जाते.

आता मुख्य विषय. प्रामाणिकपणे खेळून रँक वाढत नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्यासाठी चीट लागतं. भिंतीपलीकडचे शत्रू दिसतात, बंदूक आपोआप डोक्यावर जाऊन टेकते. आणि हे सगळं फुकट. माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आला होता तेव्हा मी हा प्रकार जवळून पाहिला. व्हिडिओत एक मुलगा तोंडाला रुमाल बांधून बोलत होता आणि खाली लिंक होती. लिंकवर झिप फाइल. फाइलला पासवर्ड. पासवर्ड काय, तर 1234, तोही व्हिडिओतच सांगितलेला.

मी विचारलं, “अरे, फुकट वाटायची वस्तू, तिला कुलूप कशाला?”

“मामा, तुला नाही कळायचं. आत व्हायरस जाऊ नये म्हणून असतं ते.”

खरी गोष्ट उलटी होती. कुलूप अशासाठी, की अँटीव्हायरसला आत डोकावता येऊ नये. पण मी मामा असल्यामुळे आणि ती चकलीची वेळ असल्यामुळे गप्प बसलो. पुढची पायरी विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसची होती, आणखी सुंदर: “विंडोज डिफेंडर बंद करा, तो उगाच खोटा अलार्म देतो.” म्हणजे असं बघा, आमच्या गेटवर एखादा माणूस आला आणि म्हणाला, मी तुमचा एसी फुकट दुरुस्त करतो, फक्त आधी दोन्ही वॉचमनना चहाला पाठवा आणि कॅमेऱ्यावर फडका टाका, कारण ते माझ्यावर उगाच संशय घेतात. त्या माणसाला आम्ही मानपाड्यापर्यंत पळवत नेला असता. भाच्याने मात्र डिफेंडर बंद केला आणि चकलीचा तेलकट हात माउसवर तसाच ठेवून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ दाबलं, म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या हवाली केल्या.

एक काळी खिडकी क्षणभर उघडली आणि मिटली. बस. भाचा म्हणाला, “बहुतेक लोड झालं.” झालंच होतं. असली वस्तू त्या क्षणात ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गोळा करते आणि सोबत कुकीही उचलते. कुकी म्हणजे वॉटर पार्कमध्ये मनगटाला बांधतात तो कागदी पट्टा. एकदा बांधला की तिकीट कोणी विचारत नाही. दुसऱ्याने काढून स्वतःच्या मनगटाला लावला तरी विचारत नाही. त्यामुळे चोराला ना पासवर्ड लागतो, ना ओटीपी. 2021 मध्ये ईए या बड्या गेम कंपनीत चोर शिरले ते असल्याच एका चोरीच्या कुकीने. ती त्यांनी 10 डॉलरला विकत घेतली होती आणि बाहेर पडताना फिफा 21 या फुटबॉलच्या खेळाचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, उचलून नेला. 10 डॉलर. गोखले रोडला चौघांचं आइस्क्रीम होईल एवढ्या पैशांत.

भाच्याचं चीट चाललंच नाही, हे सांगायचं राहिलं. तो तसाच हरला.

तुम्ही म्हणाल, आम्ही असली भानगड करत नाही, रीतसर दुकानातूनच गेम घेतो. उत्तम. तुमच्यासाठीही सोय आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ‘पायरेटफाय’ नावाचा फुकट खेळ आला होता. समुद्र, बेट, जहाज, सगळं होतं आणि आत माहिती चोरणारा प्रोग्रॅमही होता. जेमतेम आठवड्याने तो काढला गेला आणि ज्यांनी खेळला त्यांना स्टीमच्या मालक व्हॉल्व कंपनीने सुचवलं, की जमल्यास विंडोजच पुसून नव्याने टाका. मोबाइलवाल्यांनी त्याहून पुढचं पाऊल टाकलेलं आहे. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा आमच्या कट्ट्यावरच्या पोरांनी टेलिग्रामवरून, कुठकुठल्या ग्रुपवरून एपीके, म्हणजे दुकानाबाहेरच्या अॅपच्या फाइली, उतरवून घेतले. ते कोणी बनवले, आत काय आहे, असला प्रश्न एकाच्याही तोंडून आला नाही. हीच पोरं नाक्यावर वडापाव घेताना तेल काळं झालंय का ते कढईत वाकून बघतात.

चीट करणाऱ्यांना पकडायला गेम कंपन्यांनी अँटी-चीट नावाचा वॉचमन ठेवला आहे. त्याच्याविषयी मनात किंतु आणू नका. हा वॉचमन गेटवर बसत नाही, थेट तुमच्या बेडरूममध्ये, तिजोरीला टेकून बसतो. संगणकाच्या भाषेत त्या जागेला कर्नल म्हणतात. 2020 मध्ये व्हॅलरंट हा नेमबाजीचा खेळ आला तेव्हा त्याचा ‘व्हॅनगार्ड’ तर संगणक चालू होतानाच कामावर हजर व्हायचा, मग तुम्ही खेळा नाहीतर मुलीचा प्रोजेक्ट टाइप करा. यात वाईट काही नाही, वॉचमन चांगला असेल तर. 2013 मध्ये ईएसईए या अमेरिकन काउंटर-स्ट्राइक लीगच्या अँटी-चीटमध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्याने बिटकॉइन खणायचा कोड घुसवला होता. वॉचमनने रात्री तुमच्या मीटरवर स्वतःची पिठाची गिरणी चालवावी, तसं. आणि 2022 मध्ये गेन्शिन इम्पॅक्ट या खेळाच्या अँटी-चीट ड्रायव्हरचं, म्हणजे कर्नलमध्ये बसणाऱ्या प्रोग्रॅमचं, जे झालं ते तर ऐकण्यासारखं आहे. संगणकातल्या फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारे खंडणीखोर तो ड्रायव्हर स्वतःच सोबत घेऊन यायचे, जिथे तो गेम कधी कोणी टाकलेलाच नाही अशा संगणकांवरही. ड्रायव्हरवर सही-शिक्का अस्सल असल्यामुळे विंडोज त्याला आत सोडायचं आणि आत गेल्यावर त्याच्याच हातून अँटीव्हायरसचा गळा दाबला जायचा. दुसऱ्या सोसायटीच्या वॉचमनचा खरा युनिफॉर्म घालून आलेला चोर. आमच्या वहीत त्याची एंट्रीसुद्धा झाली असती, सुवाच्य अक्षरात.

गप्पा मारायलाही घाबरू नका. डिसेंबर 2021 मध्ये असं उघड झालं, की माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ नुसती टाइप केली तरी सर्व्हरवर आणि इतर खेळाडूंच्या संगणकांवर परका कोड चालवता येत होता. लहान मुलांचा खेळ तो. कोंबड्या, मेंढ्या आणि दगडी घरं.

इथपर्यंत वाचून ‘हे सगळं पोराटोरांचं’ असं ज्यांना वाटलं, त्यांच्यासाठी माझा स्वतःचा अनुभव. वय वर्षं 43, सोसायटीच्या कमिटीवर, खेळाच्या खात्याला 11 वर्षं झालेली, आणि त्यात जमवलेल्या स्किन, म्हणजे बंदुकांचे विकत घेतलेले रंगीत कपडे. बायकोला आकडा माहीत नाही म्हणून इथेही सांगत नाही. एका रात्री ऐरोलीच्या मित्राचा मेसेज आला: “भावा, सॉरी, चुकून तुझं अकाउंट रिपोर्ट झालं माझ्याकडून. उद्या बॅन होईल. या अॅडमिनशी बोलून घे.” आमची मैत्री पंचवीस वर्षांची. त्याने माझ्या बाइकचा आरसा तोडला, लग्नात माझे बूट घालून गेला, पण ‘सॉरी’ हा शब्द त्याच्या तोंडून कधी आला नव्हता. तिथेच मला कळायला हवं होतं.

अॅडमिन अतिशय सभ्य होता. नावापुढे लोगो, बोलण्यात ‘सर’. त्याने सांगितलं, खातं पडताळणीसाठी तात्पुरता ईमेल बदला, आलेला कोड मला द्या, काम झालं की परत करतो. मी दिला. एवढंच नव्हे, तर रात्री बारा वाजता माझ्यासाठी वेळ काढल्याबद्दल मी त्याला “थँक यू सर” म्हणालो. त्यावर त्याने हसरा चेहरा पाठवला आणि तो गेला, माझ्या 11 वर्षांसकट. मित्राला फोन केला तर तो म्हणाला, “कसला मेसेज? माझं अकाउंट तर परवाच गेलं.” ऐरोलीत दारापुढे देशातली मोठमोठी डेटा सेंटरं उभी आहेत. त्यांच्या सावलीत राहणाऱ्या या गृहस्थाचा पासवर्ड होता ‘ऐरोली123’.

माझं निदान खेळातलं गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने वाचून दाखवलेला ओटीपी मात्र, त्याला वाटलं तसा, खेळातल्या फुकट डायमंडसाठी नव्हता, त्याच्या आईच्या बँकेचा होता. अशा वेळी काय करावं? 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करू नका. पहिल्या तासा-दोन तासांत तक्रार गेली तर पैसे मधल्या खात्यात अडकवता येतात आणि चोराची पंचाईत होते. त्याऐवजी आधी मुलाला बडवा. मग नवरा-बायकोंनी ‘मोबाइल त्याच्या हातात कोणी दिला’ यावर चर्चा करा. मग सोसायटीच्या ग्रुपवर लिहा, तिथे कोणीतरी हात जोडलेले आणि कोणीतरी चुकून ‘हॅपी बर्थडे’ टाकेल. तिसऱ्या दिवशी बँकेत जा. तिथे ‘मॅडम, ओटीपी तुम्हीच दिलात ना?’ हे वाक्य ऐकून घरी या.

आणि राउटरचा पासवर्ड बदलायचा विचार कधीही करू नका. 2016 मध्ये अमेरिकेतल्या काही तरुणांनी ‘मिराय’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला, मुख्यतः माइनक्राफ्टचे सर्व्हर पाडण्यासाठी. तो इंटरनेटवर फिरून राउटर आणि सीसीटीव्ही शोधायचा आणि कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड लावून बघायचा. पुष्कळ ठिकाणी एखादा लागायचाच. पुढे त्यांनी कोड उघड्यावर टाकला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तसल्याच कॅमेऱ्यांच्या फौजेने अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्स काही तास आडवे केले. आमच्या सोसायटीच्या ऑफिसातही डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, आहे, सोळा कॅमेऱ्यांचा. बसवणाऱ्याने पासवर्ड आहे तोच ठेवला आणि कोणी विसरू नये म्हणून डब्यावर काळ्या मार्करने लिहून ठेवला. तो डबा खिडकीतून दिसतो.

गेल्या रविवारच्या मीटिंगमध्ये ‘सायबर सुरक्षा’ हा विषय मीच मांडला. चाळीस मिनिटं चर्चा झाली, त्यातली तीस भिंतीच्या गळतीवर. शेवटी एकमताने दोन ठराव झाले. पहिला, मुलांकडे खेळायला येणाऱ्या बाहेरच्या मित्रांची गेटवर वहीत नोंद व्हावी, आधार कार्ड बघून. दुसरा, डीव्हीआरचा पासवर्ड तातडीने बदलावा.

मंगळवारी माणूस येऊन बदलून गेला. सेक्रेटरींनी जुना पासवर्ड स्पिरिटने पुसला, आणि नवा जरा मोठ्या अक्षरात लिहिला, लाल मार्करने.